पिके वाचवण्यासाठी रोझ (नीलगाय) मारायचाच असेल, तर परवानगीत गोळीचा प्रकार ठरवून द्यावा का?

लष्कर भाग, ग्वाल्हेर (धागाकर्ता): वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 नुसार, उभ्या पिकाला धोका ठरलेले परिशिष्ट दोनमधील जनावर मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. त्या परवानगीत गोळीचा प्रकारही बंधनकारक करावा, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण जॅकेटची, म्हणजे टोकापर्यंत कठीण धातूचे आवरण असलेली गोळी आदळल्यावर फुलत (पसरून रुंद होत) नाही. ती अरुंद भोक पाडून आरपार जाते आणि जनावर दूरवर पळून झुडपात तडफडत मरते. उलट पातळ जॅकेटची सॉफ्ट नोज (टोकाला शिसे उघडे असलेली) गोळी रोझाच्या खांद्याच्या हाडावर किंवा थोराड नर रानडुकराच्या फऱ्यावरील चिवट ढालीवर अकाली फुटते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. पूर्ण वाढीचा नर रोझ 200 किलोंच्या वर भरतो, हे विसरून चालणार नाही. 1946 मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसवर (प्रचंड हरणावर) अशाच फुटून वाया गेल्या, म्हणून त्यांनी शिशाच्या दोन भागांमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा भाग फुलतो, मागचा वजन राखून आत शिरतो. अशी किंवा सबंध तांब्याची गोळीच हवी.

मुरार: मला हे पटत नाही. आफ्रिकेतील हत्तींचे शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी 7 मिलिमीटरच्या, पूर्ण जॅकेटच्या गोळ्यांनी शेकडो हत्ती पाडले, कारण मेंदू नेमका कुठे असतो हे त्यांना ठाऊक होते. अट घालायचीच असेल तर नेमबाजीच्या चाचणीची आणि अंतराच्या मर्यादेची घाला. शिवाय आपल्याकडील परवानाधारकांच्या हाती बहुधा 315 बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) रायफल असते. तिचा वेग मुळातच बेताचा, आणि सबंध तांब्याची गोळी वेग उतरल्यावर नीट फुलत नाही; म्हणजे लांबवर तीही पूर्ण जॅकेटच्या गोळीसारखीच वागेल.

धागाकर्ता: वेगाचा मुद्दा रास्त आहे, त्यामुळे अंतराची मर्यादा मला मान्य आहे. बेल यांचा दाखला मात्र इथे लागू पडत नाही. हत्तीच्या कवटीचे जाड हाड भेदायला न फुलणारीच गोळी लागते. मोहरीत अर्धा झाकलेल्या रोझाच्या मेंदूवर नेम धरणे म्हणजे जबडा फोडून त्याला उपाशी मरायला सोडणे. नेम छातीवरच धरावा लागतो आणि तिथे जखमेची रुंदी निर्णायक ठरते.

थाटीपूर: दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. सॉफ्ट नोजमधील शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. मृत जनावर खोल पुरले नाही, तर ते शिसे गिधाडांच्या पोटात जाते. याच कारणाने, काँडरसारख्या (तिकडच्या गिधाडांसारख्या) पक्ष्यांसाठी, कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तांब्याला माझा पाठिंबा आहे तो एवढ्यासाठी. मात्र ती गोळी सहसा आरपार जाते. आपल्या सपाट रानात पलीकडे वस्ती असते, म्हणून मचाणावरून, खाली जमिनीकडेच नळी रोखण्याची सक्ती त्यासोबत हवी.

मुरार: मचाणाची अट आजच लावा, माझी हरकत नाही. पण 315 बोरची तांब्याची काडतुसे आपल्या दुकानांत सहज मिळू लागण्याआधी सक्ती केलीत, तर परवानगी कागदावरच राहील आणि पीक हातचे चाललेला शेतकरी कुंपणात विजेची तार सोडेल. त्या तारेत रोझाबरोबर माणसेही मरतात.