'समान' एक, अर्थ तीन: तोच, तसाच, तेवढाच

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
पदांचं पुनर्लेखन करणाऱ्या एका लहान लायब्ररीची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. राशी द्यायची, नियम द्यायचे, ती नियम लावत राशी बदलत नेते. तिच्यात तुलनेची तीन फंक्शनं आहेत आणि तिन्हींपुढे मी 'दोन राशी समान आहेत का ते तपासते' असंच लिहून ठेवलंय. काल वाचायला घेतलं तर माझंच मला कळेना. (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ दिल्या तर दोन फंक्शनं 'नाही' म्हणतात, तिसरं 'हो'. समान, एकरूप, सममूल्य यांतलं कुठं काय लिहू?

आर्वी, जि. वर्धा
'सममूल्य' आपल्याकडे तयारच आहे. १/२ आणि २/४ हे सममूल्य अपूर्णांक, पाचवी-सहावीतच शिकतो. लिहिणं वेगळं, किंमत एक. तुमच्या तिसऱ्या फंक्शनला तोच द्या.
'एकरूप' मात्र जपून. तो भूमितीतला, एकावर एक तंतोतंत बसणाऱ्या त्रिकोणांचा. रचना जुळते म्हणायला बरा वाटतो, पण पुनर्लेखनाच्या शास्त्रात त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाचा (काँग्रुएन्स) वेगळाच अर्थ आहे: आतली पदं बरोबरीची असली की त्यांच्यावर बांधलेली मोठी पदंही बरोबरीची. जाणकार वाचक तिथेच फसेल.

दर्यापूर, जि. अमरावती
भाऊ, एवढं कायले शोधता? आमचा बुढा बैलबाजारात जोडी पाहते तं म्हणते, 'हा त्याच्यासारखाच हाय.' म्हणजे रंग, शिंग, वशिंड सारं जुळते, पण बैल दोन हायेत. चोरीस गेलेला बैल सापडला तं म्हणते, 'हा तोच हाय.' अन् वजनाच्या गोष्टीत 'तेवढाच.' तुमचे तीन फंक्शनं हेच तं हायेत: तोच (मेमरीतली एकच वस्तू), तसाच (रचना जुळते), तेवढाच (किंमत जुळते).
चौथाही भेटन राजेहो. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर असते अन् आपण दोन एकर म्हणतो. खरे दोन एकर ०.८०९४ च्या जवळ. तो 'जवळपास तेवढाच'. दशांशात हिशेब करत असान तं त्याचं फंक्शन वेगळं ठेवा.

आर्वी
हे माझ्यापेक्षा चांगलं सुचलं. एकच अडचण: 'आणि', 'किंवा' यांनी बांधलेलं तर्काचं पद असेल तर 'तेवढं' कसं म्हणणार? तिथे 'सममूल्य'च ठेवावं लागेल.
आणि चिन्हावरून अर्थ गृहीत धरू नका. पायथन भाषेतल्या सिम्पाय या बीजगणिताच्या लायब्ररीत दुहेरी बरोबर-चिन्ह (==) 'तसंच आहे का' विचारतं, वरच्या दोन राशींना 'नाही' म्हणतं. ज्युलिया भाषेतल्या सिम्बॉलिक्स या तशाच लायब्ररीत तेच चिन्ह उत्तरच देत नाही, तुलनेचं नवं पद बांधून हातात ठेवतं. ते 'जर'च्या अटीत घातलं की प्रोग्राम अडतो. तिथे 'इज-इक्वल' वापरायचं. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

दारव्हा
मग तिसऱ्याचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असं लिहू ना?

आर्वी
नको. १९६८ साली रिचर्डसन या गणितज्ञाने सिद्ध केलं की साइन, घातांकी फल, निरपेक्ष मूल्य असं सगळं एकत्र आलं की राशी शून्याइतकीच आहे का हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी रीत असूच शकत नाही. म्हणून सिम्पायचं 'इक्वल्स' कधी खरं, कधी खोटं आणि कधी 'नन' (पायथनमध्ये 'काहीच नाही') देतं. या 'नन'ला 'नाही' लिहाल तर ते चूक. 'ठरवता आलं नाही' असं लिहा.

दारव्हा
असं बदललं: 'दोन राशी सममूल्य आहेत का ते पाहते, ठरवता न आल्यास तसं सांगते.' दुसऱ्यापुढे 'एक राशी दुसरीसारखी तशीच लिहिली आहे का'.
एक मात्र राहिलं. 'राशी' म्हटलं की तीच, तशीच, तेवढीच. 'पद' म्हटलं की तेच, तसंच, तेवढंच. फंक्शनचं नाव कुठल्या लिंगात ठेवू?

दर्यापूर
नपुंसकात. पुढं काहीही आलं तरी 'ते' म्हणता येते.