बाबांचे केस काळे, माझे पांढरे. तुमच्या घरी काय गणित आहे?

मी 38, बाबा 69. बाबांच्या डोक्यात आजही शोधून काढावे लागतील इतकेच पांढरे, आणि कलप वगैरे काही नाही, आयुष्यभर खोबरेल. दिवाळीत गावी जाताना बसमध्ये बाबांनी "एक फुल एक हाफ" म्हटलं तर कंडक्टरने हात माझ्याकडे केला, "काका, आधार दाखवा". म्हटलं अहो हाफ त्यांचं. मग त्याने बाबांचं कार्ड घेऊन जन्मसालावर बोट ठेवलं, बाबांच्या डोक्याकडे बघितलं, परत कार्डाकडे. बाबा पुढचा अख्खा प्रवास खुशीत.

माझे सेकंड इयरला कानशिलापासून सुरू झाले, तिशीत दाढी, आता सगळंच. आईच्या वडिलांचे म्हणे पस्तिशीत कापसासारखे होते, पण मग आईचे पन्नाशीपर्यंत काळे कसे राहिले? म्हणून हा धागा काढतोय. कोणाचे कधी पिकले, आईवडिलांच्या आधी की नंतर, भावंडांत फरक आहे का, लिहा. तेलं प्लीज सुचवू नका, माका, आवळा, जास्वंद, कांद्याचा रस सगळं करून झालंय, उशीच्या अभ्र्याला अजून कांद्याचा वास येतो.

*

आम्ही तिघी बहिणी. आईचा पहिला पांढरा केस बाविसाव्या वर्षी, हे ती अजून अभिमानाने सांगते. मोठीचं डिट्टो आईसारखं. मधलीचे दहावीत सुरू झाले आणि मी 45 ची, माझे अजून काळे. एकच आई एकच बाप एकच शिकेकाई. मधली म्हणते तुझ्या वाटचे पण मलाच दिले.

*

आमच्या घरात तर कोणाचे कधी पिकले हेच कोणाला माहीत नव्हतं कारण पप्पा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी न चुकता डाय. आम्हाला वाटायचं थोडेसे असतील म्हणून लावतात. 2020 चा लॉकडाऊन लागला, सलून बंद, घरातलं पाकीट संपलं आणि मे संपेपर्यंत पप्पा आजोबा झाले. मी तेव्हा 31 चा, माझेही दोनतीन वर्षं रंगवत होतो, म्हणजे बापलेक दोघं एकाच आरशासमोर उभे आणि दोघांच्याही भांगात इंचभर पांढरी पट्टी. तेव्हा पप्पा पहिल्यांदा बोलले, अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झाले होते, लग्न ठरायचं होतं म्हणून आजीनेच आणून दिला होता कलप. हे आधी सांगितलं असतं तर मी काय काय खाऊन बघितलं ते तरी वाचलं असतं.

मी आता सोडलाय. भावाच्या हळदीच्या आदल्या रात्री घाईत लावला आणि सकाळी डोळे उघडेनात, कपाळ सुजून पापण्यांवर आलेलं. डॉक्टर म्हणाले पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी, काळ्या डायमध्ये बहुतेक असतंच. काळ्या मेंदीच्या पाकिटातही असू शकतं, मेंदी म्हणून गाफील राहू नका, कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबा. पप्पा मात्र दर महिन्याला, त्यांना काही होत नाही.

*

शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून थोडं. 2016 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांवरच्या अभ्यासात केस पिकण्याशी आयआरएफ4 या जीनचा संबंध दिसला, पण तो एकटा सगळं ठरवत नाही, बरेच जीन थोडं थोडं ढकलतात. पत्ते पिसून वाटल्यासारखं आहे, म्हणून वरच्या तिघी बहिणींचं तसं झालं. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशींचा साठा असतो तो कोणाचा लवकर संपतो. आणि आपल्याकडे साधारण 25 च्या आत पिकले तरच अकाली म्हणतात, तेव्हा पस्तिशीतल्यांनी रडू नये.

"तुमच्यामुळे माझे केस पिकले" म्हणणाऱ्या आयांना थोडा आधार आहे बरं का. 2020 मध्ये हार्वर्डवाल्यांनी उंदरांना ताण दिला तर त्यांचा हा साठा खरंच संपला. माझ्या मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणाला आई मी उंदीर नाही.

*

सगळंच जीन्सवर टाकू नका. आईबाबा दोघांचे साठीतही काळे, माझे तेविसाव्या वर्षी हॉस्टेलवर भराभर. आजी म्हणे दृष्ट लागली. हातापायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा तपासण्या केल्या, बी12 अगदी तळाला. पक्के शाकाहारी, त्यात मेसचं पातळ ताक. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या, केसांचं म्हणाल तर नवीन पांढरे व्हायचे थांबले, झालेले बहुतेक तसेच आहेत.

*

आमच्यात पट्टा आहे. कपाळाच्या वर बरोबर मध्ये पांढरी बट, जन्मापासून. आजी, बाबा, मी, धाकटा मुलगा. मोठ्याला नाही. पायबाल्डिझम म्हणतात, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पिकणं नव्हे हे, तरी लिहिलं, कारण शाळेत मॅडमनी त्याला रंग पुसून यायला सांगितलं होतं.

*

न्यू जर्सी. 42 व्या वर्षी रंगवणं बंद केलं, इथे कोणी ढुंकूनही बघत नाही. आई आली सहा महिन्यांसाठी, वय 70, एअरपोर्टवर मला बघून आधी रडलीच, मला वाटलं प्रेमाने. घरी आल्यावर म्हणाली मी काळी आणि लेक पांढरी, लोक काय म्हणतील, आधी मला तरी होऊ दे म्हातारी. तिचे काळे म्हणजे बाटलीतलेच. दर तिसऱ्या शनिवारी बाथरूममध्ये पेपर पसरून स्टुलावर बसते आणि मागचं तिला दिसत नाही म्हणून जुन्या टूथब्रशने मी लावून देते. मानेवरचे केस वर उचलले की खाली सगळे पांढरे, आणि माझी वाढ जिथून सुरू होते तिथूनच तिची. तिला सांगितलं तर म्हणाली बोलू नकोस, कानाला लागतोय.

*

वडील गेले तेव्हा मी 44. रंगवत होतो, घरी बायको सोडून कोणाला माहीत नाही. दहाव्याला घाटावर डोकं केलं. वडिलांचे शेवटपर्यंत करडे, त्यांचा मुलगा म्हणून माझेही तसेच असतील असं मी धरून चाललो होतो. तीन आठवड्यांनी खुंट आले ते एकजात पांढरे. आई कोणाशी बोलत नव्हती तेव्हा. त्या दिवशी चहा देताना थांबली, डोक्यावरून हात उलटा फिरवला, म्हणाली अगदी माझ्या दादासारखं. आणि मग मामाच्या गोष्टी सांगत बसली दुपारपर्यंत.