ज्वारीची भाकरी, स्वॅप मीटचा तवा, शनिवारची खरेदी – मदत हवी आहे (तातडीने)

रानजाई
रविवारी दुपारी बारा माणसं जेवायला आहेत. पिठलं, भाकरी, ठेचा आणि एक पालेभाजी असा बेत. भाकरी सोडून सगळं येतं. थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकली की चिकटते, उलथनं घातलं की दोन तुकडे. पीठ दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणून पाहिलं, फरक शून्य. तवा गेल्या आठवड्यात स्वॅप मीटमधून घेतलाय, चांगला जड बिडाचा. विकणारा म्हणाला शंभर वर्षं टिकेल. टिकेल हो, पण भाकरी निघत नाही त्यावरून.
खरेदीला फक्त शनिवार सकाळ आहे. चांगलं पीठ कुठल्या दुकानात मिळेल आणि तवा बदलू का, एवढंच सांगा. "सरावाने जमेल" कृपया लिहू नका.

चिंचगूळ
"कुठल्या दुकानात" विचारताय आणि गावाचा पत्ता नाही! कुठे राहता? शेगडी गॅसची की काचेची? पिठाच्या पाकिटावर तारीख काय होती? पाणी गार घेता की उकळतं? तव्याला कडेने भिंत आहे का?

टवाळ
स्वॅप मीट म्हणजे मटणाची अदलाबदल का?

पेठकर
@टवाळ, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार आठवा, तोच प्रकार. कॅलिफोर्नियात ड्राइव्ह-इन सिनेमाच्या नाहीतर कॉलेजच्या पार्किंगमध्ये भरतो. पान्यांपासून पेरूपर्यंत काहीही मिळतं.

रानजाई
सेरिटोस, लॉस एंजेलिसजवळ. शेगडी काचेची, खालून लाल होते ती. पाकीट फेकून दिलं, पीठ डब्यात आहे. पाणी कोमट. तव्याला भिंत आहे दोनेक इंच, मागे ८ लिहिलंय. याचा काय संबंध?

लोहारआळी
संबंध आहे. भिंत असलेला तो तवा नव्हेच, स्किलेट आहे, म्हणजे फ्राइंग पॅन. ८ म्हणजे इंच नव्हेत. जुन्या लाकडाच्या चुलींना तोंडाच्या मापाचे नंबर असत, त्यातला तो. आता उलटा करून तळ पाहा. कडेला गोल उंचवटा आहे का? त्याला हीट रिंग म्हणतात. ती चुलीच्या तोंडावर नीट बसायची. काचेवर मात्र फक्त ती रिंग टेकते, मधला तळ अधांतरी राहतो आणि उष्णता मधे पोचतच नाही. भाकरी मधे कच्ची राहून चिकटते, कडेला करपते.
रिंग नसेल तर सपाट ओट्यावर ठेवून गोल फिरवून बघा. भोवऱ्यासारखा फिरला तर तळाला पोट आलंय. दोन्हीपैकी काही असेल तर हे भांडं काचेच्या शेगडीवर भाकरीला चालणार नाही.
दुसरं, हात लावून चिकट लागतो का?

रानजाई
रिंग आहे. तीन ठिकाणी खाच आहे तिला. आणि हो, चिकट आहे, मधासारखा. मी तीनदा तेल लावून ओव्हनमध्ये ठेवला होता.

लोहारआळी
तीन खाचा म्हणजे बहुतेक जुना लॉज कंपनीचा, टेनेसीचा. भांडं उत्तम आहे, भाज्या परता त्यात. चिकटपणा येतो तेल जास्त झाल्याने. तेल लावायचं आणि मग लावलंच नव्हतं अशा थाटात कोरड्या फडक्याने सगळं पुसायचं, पालथा ठेवून ४५० फॅरनहाइटला एक तास. जाड थर सुकत नाही, नुसता गम होतो. त्यात भाकरी रुतून बसते.

मोहरी
जवसाचं तेल लावा, सगळ्यात कडक थर बसतो.

लोहारआळी
कडक बसतो आणि दोन महिन्यांत पापड सुटावेत तसा सुटतो. साधं कनोला किंवा द्राक्षबियांचं तेल पुरे.

मोहरी
आमच्याकडे नाही सुटत.

सॅनडिएगोचा_सदू
सोप्पंय, ओव्हन सेल्फ-क्लीनवर टाका, सगळी जुनी राप जळून जाईल.

लोहारआळी
सदूभाऊ, नका हो असले सल्ले देऊ. त्या चक्रात ओव्हन ९०० फॅरनहाइटच्या आसपास जातो. पातळ जुनं बीड वाकतं, कधी तडकतं. राप काढायची तर लाय (कॉस्टिक सोडा): ५ गॅलन गार पाण्यात १ पौंड, प्लास्टिकच्या बादलीत. लाय पाण्यात घालायची, पाणी लायमध्ये कधीच नाही. लांब हातमोजे, डोळ्यांना चष्मा. ॲल्युमिनियमचं काही त्यात जाऊ देऊ नका, वायू सुटतो. नुसता गंज असेल तर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, फार तर अर्धा तास. रात्रभर विसरलात तर बीडच खाल्लं जातं. पण लायला काही दिवस लागतात, रविवारच्या पंगतीला याचा उपयोग नाही.

चिंचगूळ
धागाकर्तीला रविवारचं विचारायचंय हो! @रानजाई, सरळ मेक्सिकन दुकानात जाऊन कोमाल घ्या. ते लोक तोर्तिया भाजतात तो तवाच. दोन प्रकार असतात: पातळ पत्र्याचा आणि बिडाचा. पत्र्याचा काचेवर तापला की पोट काढतो, तो नको. बिडाचा सपाट तळाचा बघा. कोलंबियातल्या व्हिक्टोरियाचे किंवा लॉजचे साडेदहा इंची मिळतात, कारखान्यातूनच तेल भाजून येतात. नॉन-स्टिक उचलू नका, भाकरीला लागणारी धग त्याला सोसत नाही.

खारीबिस्कीट
मेक्सिकन दुकानात जाताय तर मासा हरीनाच घ्या ना. मक्याचं पीठ, चुन्याच्या पाण्यात शिजवलेलं, कध्धी तुटत नाही. भाकरीपेक्षा मऊ!

चिंचगूळ
त्याची तोर्तिया होते. विचारलीय ज्वारीची भाकरी.

दादर
पिठाचं कुणी बोलतच नाहीये. ज्वारीत ग्लूटेन नाही, भाकरीला धरून ठेवते ती पिठाची विरी. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कुठल्याही तव्यावर टाका, फाटणारच. दोन्ही पाकिटं सहा महिन्यांपूर्वीची असतील तर फरक शून्यच दिसणार.
आर्टेशियात पायोनियर बुलेवार्डवर, १८३वा रस्ता ते साउथ स्ट्रीट या पट्ट्यात देशी दुकानं आहेत, तुम्हाला पाच मिनिटांवर. दुकानाचं नाव विचारू नका, पाकिटाची तारीख वाचा. "बेस्ट बिफोर" नव्हे, पॅकिंगची. दोन-तीन महिन्यांच्या आतलं घ्या, मागच्या रांगेतून काढा. ज्या दुकानात बाजरी-नाचणीच्या पाकिटांवर धूळ दिसते तिथे ज्वारीही तशीच पडलेली असते. घरी आल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागलं तर परत करा. उरलेलं फ्रीजरमध्ये.
याहून बरं म्हणजे अख्खी ज्वारी घेऊन दळणं. शक्तिमान ब्लेंडरच्या कोरड्या भांड्यात एका वेळी दोन वाट्या, मिनिटभर. भांडं तापलं की थांबायचं, मग बारीक चाळणी. चाळणीवर राहिलेला रवा परत फिरवा.

सॅनडिएगोचा_सदू
स्वॅप मीटला हाताने फिरवायची लोखंडी कोरोना चक्की मिळते, टेबलाला आवळायची. ती घ्या.

दादर
ती ओल्या मक्यासाठी आहे. कोरडी ज्वारी घातली तर कण्या निघतात, तीनदा फिरवूनही भाकरीचं पीठ होत नाही. खांदा तेवढा निघतो.

मोहरी
भारतातून येणाऱ्या कुणाला तरी मालदांडीचं पीठ आणायला सांगा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. इथल्या ज्वारीला ती चव नाही.

पेठकर
रविवारपर्यंत?

दादर
चव नाही हे खरं, पण इथली पांढरी ज्वारी वाईट नसते. कॅन्सस हे ज्वारीचं मोठं राज्य, त्यातली लाल जनावरांना जाते. अमेरिकन दुकानात "स्वीट व्हाइट सोरगम" म्हणून जे पीठ मिळतं ते पांढऱ्याचं. बारीक असतं, उकळत्या पाण्यात भिजवलं तर थापलं जातं. आणि सामानातून धान्य मागवताना जपून. तांदूळ तर खप्रा भुंग्यामुळे (धान्याची कीड) भारतातून आणताच येत नाही. बाकी जे आणाल ते विमानतळावर जाहीर करावं लागतं.

रानजाई
बरं, पीठ किती घेऊ? आणि डब्यातल्या पिठाचं करू काय? फेकवत नाही.

दादर
एका भाकरीला ९० ग्रॅम धरा. बारा माणसं, दोन-दोन म्हणजे २४, सव्वादोन किलोच्या आत. ४ पौंडी पाकिटात १.८ किलो येतं, म्हणजे दोन पाकिटं. डब्यातलं थालीपिठात ढकला, कांदा नि बेसन धरून ठेवतं.
आणि कोमट पाणी बंद! एक वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, चमच्याने कालवून झाकून पाच मिनिटं. मग तळहाताच्या टाचेने चांगलं मळा, एका वेळी दोनच उंडे. सगळं आधी मळून ठेवलं की शेवटच्या भाकऱ्या फाटतात. वरून पाणी फिरवल्यावर ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळलं की तडे जातात.

मुक्ताई
काचेच्या शेगडीवर शेवटी आचेवर फुगवणार कशा? पदर सुटायला धग लागते.

चिंचगूळ
ओव्हनचा ब्रॉयलर (वरून धग देतो तो), वरचा खण, दीड-दोन मिनिटं, नजर न हलवता. किंवा तव्यावरच फडक्याने कडा दाबत.

लोहारआळी
काचेवर बीड ठेवताना सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. आणि एकदम मोठी आच नाही. मध्यमवर आठ-दहा मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब नाचत पळाला की तयार.

किमचीकाकू
गार्डन ग्रोव्हच्या कोरियन दुकानात टेबलावरची ब्यूटेन शेगडी मिळते, सोबत २२७ ग्रॅमच्या नळकांड्या. खरी ज्योत! भाकरी टम्म. पण अंगणात वापरा, बंद स्वयंपाकघरात नाही. आणि नळकांडीच्या कप्प्यावर सावली पडेल एवढा मोठा तवा ठेवू नका, उष्णता उलटून नळकांडी तापते. तिच्यावर पातळ पत्र्याचा कोमाल मस्त चालतो, काचेवरचीच अडचण त्याला. दोन चुली, दोन तवे झाले तरच २४ होतील. एका तव्यावर भाकरीला साडेतीन-चार मिनिटं म्हणजे दीड तास नुसतं थापत बसाल.

रानजाई
किमचीकाकू, हे कुणी बोललंच नव्हतं! आमच्याकडे अंगण नाही पण मागे पॅटिओ आहे. भाड्याचं घर.

किमचीकाकू
मग भाडेकरार वाचा आधी. काहींत उघड्या ज्योतीला मनाई असते.

टवाळ
ठेच्याला स्वॅप मीटमधून मोल्काहेते घ्या. मेक्सिकन खलबत्ता, काळ्या दगडाचा, तीन पायांचा.

मुक्ताई
टवाळ पहिल्यांदा कामाचं बोलला. फक्त खोटे सिमेंटचे खूप असतात. पाणी शिंपडून बत्त्याने घासा; राखाडी चिखल येतच राहिला तर सिमेंट. खऱ्या बसाल्टचा थोड्या वेळाने थांबतो. घरी कच्चे तांदूळ मूठ-मूठ वाटायचे, पीठ पांढरं निघेपर्यंत. मग लसूण-मीठ वाटून ते टाकून द्यायचं. रविवारच्या आत मात्र हे धरू नका. मिरची सेरानो घ्या, हालापेन्योचा ठेचा म्हणजे कोशिंबीर.

पेठकर
पालेभाजी राहिली. मेक्सिकन दुकानात "वेर्दोलागास" नावाच्या जुड्या दिसतील, ती आपली घोळ. पिठल्या-भाकरीसोबत तिच्यासारखी भाजी नाही. माठ हवा तर वेस्टमिन्स्टरला बोल्सा ॲव्हेन्यूवर व्हिएतनामी दुकानांत "राउ झेन". शेपू-मेथी इराणी दुकानात, देशी जुडीच्या दुप्पट जाड आणि ताजी: शेपू "शिवीद", मेथी "शंबलीले".

मोहरी
घोळीची भाजी की घोळाची?

पेठकर
घोळाची. आता यावर दुसरा धागा काढू नका.

लोहारआळी
@रानजाई, स्वॅप मीटला परत जाणार असाल तर: सायप्रस कॉलेजचा तुम्हाला जवळ. पासाडेनाचा रोझ बोल महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच असतो, तिकीट लागतं आणि तिथे बिडाचे भाव संग्राहकांनी चढवलेत. ग्रिसवोल्ड या जुन्या कंपनीचं नाव दिसलं की किंमत तिप्पट, भाकरीला काही फरक पडत नाही. नाव नसलेलं, सपाट तळाचं, बिनभिंतीचं "राउंड ग्रिडल" शोधा. बोटाच्या पेराने वाजवा: घंटेसारखं वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर चीर आहे. आत रुपेरी डाग दिसले तर हात लावू नका. मासेमारीची शिशाची वजनं ओतायला लोक जुनी भांडी वापरतात. सुट्या एक-पाचच्या नोटा न्या. "क्वांतो एस लो मेनोस" म्हणजे कमीत कमी किती, एवढं स्पॅनिश पुरतं.

रानजाई
सगळ्यांना धन्यवाद. आधी आर्टेशिया, दोन पाकिटं, तारीख बघून. मग कोमाल, सेरानो, वेर्दोलागास एकाच ठिकाणी. करारात "नो ओपन फ्लेम" आहे, ब्यूटेन बाद. म्हणजे ब्रॉयलर. बिडाचे दोन कोमाल शेगडीच्या दोन गोलांवर एकदम ठेवले तर चालतील ना? मोठा गोल एकच आहे, दुसरा सहा इंची.

लोहारआळी
सहा इंचीवर साडेदहाचा ठेवलात तर कडा थंड राहतील. त्यावर आठ इंची ठेवा आणि लहान भाकऱ्या थापा.

मोहरी
जवसाचं तेल मी अजूनही म्हणेन.