कवळी बसवल्यावर चावणं आधीपेक्षा अवघड झालंय. चुकतंय माझं की कवळीचं?

वय ६८. वरची-खालची पूर्ण कवळी बसवून आज १९ दिवस झाले. त्याआधी दीड वर्ष वर एकही दात नव्हता, खाली पुढचे चार, तेही हलणारे. तरी हिरड्यांनी दाबून, जिभेने टाळूवर चिरडून बरंच काही खात होतो. जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे मोजायची खोड जात नाही. उकडलेल्या गाजराचा पेराएवढा तुकडा तेव्हा ३० चाव्यांत गिळता यायचा, आता पन्नाशी ओलांडते. वरची कवळी घट्ट बसते, पण खालची जिभेवर होडीसारखी डुलते. म्हणजे दात नव्हते तेच बरं होतं की काय?

प्रतिसाद १
काका, मी सहा वर्षं वापरतेय. पहिले पंधरा दिवस ताटावरून उठून जायचे, चिडून. तुम्ही पुढच्या दातांनी तोडायला जाता का? पुढे दाब दिला की कवळी मागून उचलली जाते. सुरीने बारीक तुकडे करा, अर्धा घास उजवीकडे अर्धा डावीकडे ठेवा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. एकाच बाजूने चावायची जुनी सवय इथे नडते. आणि गरम जपून! टाळू झाकलेला असल्यामुळे चटका कळत नाही. माझा घसाच भाजला होता.

प्रतिसाद २
मी दंतवैद्य आहे. चांगल्या कवळीनेही चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या साधारण पाव भागच मिळतो. घास किती कडक आहे हे दाताच्या मुळाभोवतीचे तंतू सांगतात. दात गेले की तेही गेले. वरची कवळी टाळूच्या आधाराने, लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी, जागा थोडी, मध्ये जीभ सतत ढकलणार. जिभेला ती धरून ठेवायला शिकायला सहा-आठ आठवडे लागतात. त्यानंतरही डुलली तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात रोवलेले स्क्रू) बसवून त्यावर कवळी अडकवता येते. २००२ साली माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी तोच पहिला पर्याय सुचवला होता. कुठे टोचत असेल तर घरी घासू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी मात्र काही तास घालून ठेवा, म्हणजे लाल खूण दिसते आणि नेमकं तेवढंच घासता येतं.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, पकडलंत. आरशात पाहिलं, सगळा घास उजवीकडेच. दोन्हीकडून चावून पाहिलं: ४१. पण डॉक्टर, डावीकडे जिभेखाली टोचतंय, ते काल तुमचं वाचल्यावर लक्षात आलं, म्हणजे तिकडचा घास मीच टाळत होतो. गुरुवारी दाखवतो, सकाळपासून घालूनच जाईन. रात्री काढून पाण्यात ठेवतो, तरी पहाटे जीभ ते चार हलणारे दात शोधत असते.