मदत हवी आहे: परींच्या टॅरोमधल्या तलवारी वायूच्या की अग्नीच्या?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. भाचीने परींच्या चित्रांचा टॅरो (भविष्य वाचायचे पत्ते) संच भेट दिलाय. चित्रं फार देखणी आहेत. पत्ते नेहमीसारखे 78च, पण छड्या, पेले, तलवारी, नाणी या नेहमीच्या चार गटांच्या जागी वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. सोबतच्या पुस्तिकेत तत्त्वांचा उल्लेखच नाही.

मी 1909च्या रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो संचाच्या पद्धतीवर शिकले: छड्या अग्नी, पेले जल, तलवारी वायू, नाणी पृथ्वी. हिवाळ्याच्या नव्वीवर परी अंथरुणात उठून बसलीय, चेहरा ओंजळीत. रायडर-वेटमध्ये असं चित्र तलवारींच्या नव्वीवर असतं, म्हणजे ही तलवारींचीच नव्वी. पण त्याच पत्त्यावर खाली शेकोटी, आणि निखाऱ्यांत सॅलमँडर! सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने तत्त्वांचे अद्भुत जीव सांगितले होते: सॅलमँडर अग्नीचा, सिल्फ वायूचा, अंडाइन जलाची आणि नोम पृथ्वीचा. चित्रकाराने तेच धरलेलं दिसतंय. शिवाय नाशिकची थंडी म्हटली की मला स्वतःलाही आधी शेकोटीच आठवते.

काही संचांत तलवारी अग्नी आणि छड्या वायू मानतात, हे माहीत आहे. पण मी शेजारच्या पत्त्यांची तत्त्वं जुळवून वाचते. अग्नी-जल एकमेकांना कमजोर करतात, वायू-जल नाही. त्यामुळे पेल्यांशेजारी ही नव्वी आली की अख्खं वाचन बदलतं.

तुम्ही अशा वेळी चित्र प्रमाण मानता की शिकलेली पद्धत? कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे कोणी परी-टॅरो वाचत असेल तर जरूर कळवा, पत्ते घेऊन भेटायला येईन.