एस्टेट म्हणजे नुसता जमीनजुमला नव्हे

कुणीतरी विचारलं, एस्टेट म्हणजे आपली इस्टेटच ना? बोलताना इस्टेट म्हटलं की वाडा, शेती आठवते. हिशेबाच्या इंग्रजीत मात्र माणसामागे राहिलेलं सगळंच त्यात येतं: बँकेतली शिल्लक, शेअर, येणी आणि देणीसुद्धा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आधी अंत्यविधीचा खर्च, कर्जं त्यानंतर. वारसांचा नंबर शेवटी!

खरी मेख कराची. समजा, मृत्युपत्र करून वडील ऑगस्टमध्ये गेले. तिथपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या नावे, त्यावरचा कर वारसाने भरायचा. पुढे वाटप होईपर्यंत येणारं भाडं, व्याज एस्टेटचं. आयकर कायद्यानुसार त्यावरच्या कराची आकारणी एक्झिक्युटरवर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसावर, पण त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळी. बरेच जण इथे सरळ खिचडी करतात.