‘इंडिपेंडंट असॉर्टमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरहून:
भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. आता सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीत. जीवशास्त्रात ‘इंडिपेंडंट असॉर्टमेंट’ आलं, बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या कशा वाटल्या जातात त्याचा नियम. परवा म्हणाली, “मामा, असॉर्टमेंट म्हणजे काय हो?” कोशात बघितलं तर वर्गवारी, निवड. म्हणजे सुपात शेंगा निवडाव्यात तशी कुणीतरी गुणसूत्रं निवडतं की काय? हिंदी पुस्तकात ‘स्वतंत्र अपव्यूहन’ सापडलं. वाचून दाखवलं तर म्हणे, इंग्रजीच बरं. चालण्यासारखा शब्द सुचवा.

निपाणीहून:
अपव्यूहन दिसतं तेवढं वाईट नाही. व्यूह म्हणजे रचना, चक्रव्यूहातला तोच. पुढे ‘अप’ लागला की रचना मोडून पांगणं. पेशीत जवळपास तेच होतं, जोड्या मधोमध रांगेला लागतात आणि फुटतात. पण तोंडात बसत नाही, हे खरं. मी ‘स्वतंत्र वाटणी’ म्हणेन. वाटणी आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही, निम्मा गाव त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

बेळगावहून:
वाटणीला हरकत नाही, ‘स्वतंत्र’ला आहे. मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पोरं त्याचा अर्थ ‘कुणीही कुठंही जावं’ असा घेतात. मग एका पेशीत जोडीतली दोन्ही गुणसूत्रं आणि दुसरीत एकही नाही, असं चित्र काढून आणतात. दरवर्षी!

तेवढी मोकळीक नसते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (मिओसिस, ज्यातून बीजपेशी बनतात) पहिल्या फेरीत जोडी फुटायलाच हवी, एक इकडे, एक तिकडे. मोकळीक एवढीच की कोण इकडे आणि कोण तिकडे. आणि ते ठरताना शेजारच्या जोडीत काय झालं, याच्याशी देणंघेणं नसतं.

वर्गात मी बैल सांगायचो. दोन जोड्या, प्रत्येकीत एक बैल बापाच्या गोठ्यातला, एक आईच्या माहेरचा. कर्नाटकी बेंदराची मिरवणूक संपली, जोड्या सोडल्या. प्रत्येक जोडीतला एक डाव्या गोठ्यात, एक उजव्या. पहिल्या जोडीतला बापाकडचा डावीकडे गेला, म्हणून दुसऱ्या जोडीतला बापाकडचाही डावीकडेच जाईल असं नाही. डाव्या गोठ्यात चार तऱ्हा होऊ शकतात. माणसाच्या तेवीस जोड्या धरल्या तर तऱ्हा होतात 83,88,608. म्हणून शब्द हवा ‘परस्परनिरपेक्ष वाटणी’. लांब आहे, पण चुकवत नाही.

चिकोडीहून:
जरा आडवळण. आमचा मुलगा कन्नड माध्यमात. त्यांच्याकडे गुणसूत्राला ‘वर्णतंतु’. क्रोमोसोममधला ग्रीक रंग कन्नडनं जपला. 1888 मध्ये वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं नाव ठेवलं ते या धाग्यांना रंग चांगला चढतो म्हणूनच. मराठीनं थेट ‘गुण’ घातला. नाव अर्थपूर्ण, पण पोरांना वाटतं एक गुण म्हणजे एक सूत्र. मग सांगा, वाटणी गुणांची की सूत्रांची?

बेळगावहून:
सूत्रांची. गुण ठरवणारी जनुकं त्यावर बसून जातात. मेंडेलनं मोजले ते मात्र गुणच. दुसऱ्या पिढीचे 556 वाटाणे: गोल पिवळे 315, गोल हिरवे 108, सुरकुतलेले पिवळे 101, सुरकुतलेले हिरवे 32. दोन गुणांची वाटणी परस्परनिरपेक्ष असेल तर 9:3:3:1 यायला हवं, हे त्याच्या अगदी जवळ. त्याचा लेख छापला गेला 1866 मध्ये, तेव्हा क्रोमोसोम हा शब्दच नव्हता. वाटाण्याचा हिशेब आणि धाग्यांची हालचाल एकच, हे 1902-03 मध्ये सटन या अमेरिकी संशोधकानं नाकतोड्याच्या पेशी बघून मांडलं.

आणि एकाच सूत्रावर शेजारी शेजारी असलेली दोन जनुकं बहुतेकदा बरोबरच जातात, मॉर्गन या अमेरिकी संशोधकाच्या फळमाश्यांत ते दिसलं. लांब असली, तर सूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होऊन ती वेगळी पडू शकतात, फार लांब असली तर परस्परनिरपेक्ष असल्यासारखीच वाटली जातात. तेव्हा ‘सगळी जनुकं स्वतंत्र’ असं वहीत लिहू देऊ नका.

निपाणीहून:
पटलं. माझी ‘स्वतंत्र वाटणी’ मागे घेतो.

खानापूरहून:
भाचीला बैल सांगितले. तिनं इंग्रजी व्याख्येखाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘जोडी फुटणारच, कोण कुठं ते ज्या त्या जोडीचं’. ‘परस्परनिरपेक्ष’ म्हटल्यावर तिला आधी धर्मनिरपेक्ष आठवलं, पण अर्थ लागला.